एकाच बटणाचा हट्ट

दादांना एकच बटण हवं होतं. कॅसेट मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं, खाली जाऊन चहा प्यायचा आणि वर येईपर्यंत पेनड्राइव्ह तयार. बाकी सगळं सॉफ्टवेअरवाल्यांनी लोकांना घाबरवायला ठेवलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. "एवडी बटनं इमानात बी नसत्याल," ते म्हणायचे. विमानात ते कधी बसले नव्हते, मीही बसले नव्हते, त्यामुळे त्यावर वाद घालता येत नव्हता.

दादा म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. ज्यांच्या स्टुडिओत मी चोवीस वर्षं काम केलं ते मालक. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून खांद्याला एक कॅमेरा लावून ते सोलापुरात आले आणि नव्या पेठेत एका जिन्यावर खोली घेऊन बसले. मी जेऊरची, एकविसाव्या वर्षी त्यांच्याकडे मिक्सिंग शिकायला आले. लग्नाचं शूटिंग झालं की ते कापायचं, जोडायचं, वर गाणी लावायची, याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. सहा महिन्यांत मी ते त्यांच्यापेक्षा बरं करायला लागले आणि त्यांनी ते आनंदानं सोडून दिलं. तेव्हापासून बाहेरचं सगळं त्यांचं आणि कॉम्प्युटरसमोरचं सगळं माझं.

आता लग्नं काढायला आम्हाला कोणी बोलवत नाही. ड्रोनवाली मुलं आली आहेत, ती नवरानवरीला उसाच्या बांधावरून पळवतात आणि वरून बघतात. आमच्याकडे येतात त्या जुन्या कॅसेटा. ज्यांची लग्नं आम्हीच काढली त्यांचे आता केस पांढरे झालेत, घरात कॅसेट लावायला यंत्र नाही आणि आईवडील गेले की मग त्यांना आठवण होते. अशी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली की फाइल हत्तीएवढी होते. ती बारीक करून टीव्हीवर, मोबाइलवर चालेल अशी करायची, हे काम एका सॉफ्टवेअरचं. फुकट मिळतं आणि चांगलं आहे. त्याला दोन पानं आहेत. उघडलं की समोर येतं ते साधं पान, त्यावर चारपाच तयार पर्याय. कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, तो दाबला की दुसरं पान उलगडतं आणि मग मात्र माणूस त्यात हरवतो.

मी हरवले आणि मला ते आवडलं, हे खरं सांगून टाकते. दोन उन्हाळे मी त्या दुसऱ्या पानावर घालवले. हलणाऱ्या माणसाच्या कडेला दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेघा कशा घालवायच्या, काळ्या कडा किती कापायच्या, चित्र कुठवर दाबलं की हळदीच्या साडीचा पिवळा रंग मळका होतो, हे सगळं मी एकेक करून शोधलं. मला शिकवणारं कोणी नव्हतं. एखादा आकडा बदलायचा, फाइल करायची, टीव्हीला लावून बघायची, नाही जमलं तर परत. नवऱ्याला वाटायचं मी दुकानात गाणी ऐकत बसते.

आणि हेही सांगते की मला त्या ज्ञानाचा माज चढला होता. दादा मागे येऊन उभे राहायचे, पडद्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "ह्ये काय असतंय?" पहिल्यांदा मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. नंतर मी म्हणायला लागले, "दादा, तुम्ही राहू द्या, तुमच्याच्यानं होणार नाही." एकदा त्यांनी काहीतरी दाबलं आणि माझं दिवसभराचं काम गेलं, तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर त्यांच्यावर ओरडले. मालक ते होते. ते खाली जाऊन पानाच्या टपरीवर उभे राहिले. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं आणि एकच बटण मागायला सुरुवात केली.

मग मी ते करून दिलं. साध्या पानावरच्या यादीत एक नवा पर्याय तयार केला आणि त्याला नाव दिलं 'दादा'. रेघा घालवणं, कडा कापणं, रंग, आकार, जे काही ठरवायचं ते सगळं मी आत ठरवून टाकलं. त्यांनी फक्त फाइल ओढून टाकायची आणि दाबायचं. ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी सगळ्या जिन्याला भजी वाटली.

त्या आत ठरवलेल्या गोष्टींत एक गोष्ट आवाजाची होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं, म्हणून नीट सांगते.

आमच्या छोट्या डिजिटल कॅसेटांत आवाजाला दोन जागा असायच्या. आमच्या स्टुडिओची पद्धत अशी होती की पहिल्या जागेत गाणी आणि सनई भरायची, आणि लग्नात खरोखर जे ऐकू आलं, बायकांचे उखाणे, भटजी, हसणं, रुसणं, ते दुसऱ्या जागेत तसंच ठेवायचं. दादांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला गाणं पाहिजे. माझं म्हणणं, खरा आवाज पुसायचा नाही, कधीतरी लागेल. दोघांचंही राहिलं. पण पेनड्राइव्हवर दोन्ही आवाज दिले की घोटाळा व्हायचा. शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर आजोबांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह तीनदा परत आणला, कारण त्यांच्या टीव्हीवर सनईऐवजी आचारी तेलुगूत भाताच्या पातेल्यावरून भांडताना ऐकू यायचा. म्हणून 'दादा' या पर्यायात मी ठरवून टाकलं की फक्त पहिला आवाज घ्यायचा, दुसरा सोडायचा. ज्या कॅसेटीतला दुसरा आवाज हवा असेल ती माझ्याकडे येईल, मी बाण दाबून, आतल्या यादीतून तो निवडून करेन. अशा कॅसेटीवर खूण म्हणून मी माझ्या पर्समधल्या पाकिटातली लाल टिकली लावायचे. टिकली असेल तर दादांनी हात लावायचा नाही. हा नियम त्यांनीच मोठ्यानं म्हणून दाखवला होता.

माझ्या लग्नाची कॅसेट त्या टिकलीवाल्यांतली पहिली होती.

माझे वडील जेऊरच्या शाळेत कारकून होते. गळा गोड होता म्हणावं असं काही नव्हतं, पण आवाज खणखणीत होता, आणि मंगलाष्टका ते स्वतः रचायचे. आसपासच्या गावांतून त्यांना लग्नाची आमंत्रणं जेवायला नसायची, म्हणायला असायची. नवरा काय करतो, नवरी कोणत्या गावची, मामा कोण, सगळं त्या कडव्यांत बसवायचे, शाळेतल्या पाठकोऱ्या कागदावर लिहायचे आणि लग्न झालं की तो कागद कुठंतरी जायचा. माझ्या लग्नात शेवटचं कडवं म्हणताना माझं नाव आलं आणि ते थांबले. माइक तोंडासमोर, तोंड उघडं, आणि आवाज येईना. मांडवाला वाटलं संपलं, अर्ध्या लोकांनी अक्षता टाकल्या, वाजंत्री वाजायला लागली. मग त्यांनी हात वर करून वाजंत्री थांबवली आणि ती ओळ पहिल्यापासून पूर्ण म्हटली. मांडवात सगळे हसले आणि रडले. लग्न दादांनी काढलं, कामावरच्या पोरीचं म्हणून प्रेमानं काढलं. मिक्सिंग माझं मीच केलं, हळदीचा रंग हाताला असताना. त्या प्रसंगावर पहिल्या जागेत सनई घातली आणि दुसऱ्या जागेत वडिलांना तसंच ठेवलं.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. फोटोला हार घालताना आईनं मला विचारलं होतं, "तुज्या लग्नाच्या क्यासिटीत हायती न्हवं त्ये म्हनताना?" मी म्हटलं, आहेत, मी स्वतः ठेवलेत. कॅसेट लावायचं आमचं यंत्र तेव्हा बिघडलं होतं. दुसरं जुनं यंत्र मिळवायला, ते दुरुस्त करायला वेळ गेला. यंत्र सुरू झालं त्याच आठवड्यात मला विषमज्वर झाला आणि मी तीन आठवडे अंथरुणात होते.

परत गेले तेव्हा दुकान निम्मं रिकामं होतं. जागामालकानं जुन्या कॅसेटांनी भरलेला माळा खाली करायला सांगितला होता, आणि दादांनी एकट्यानं राहिलेल्या सगळ्या कॅसेटा उतरवून, फाइली करून, कॅसेटा भंगारात देऊन टाकल्या होत्या. माझ्या टेबलावर एक नवा पेनड्राइव्ह होता, त्यावर माझं नाव लिहिलेलं. "तुजी बी केली," ते म्हणाले. मला भरून आलं. मी तिथंच लावला. वडील दिसले, माइक हातात, पांढरी टोपी. ओठ हलत होते आणि सनई वाजत होती. ते थांबले, अक्षता पडल्या, त्यांनी हात वर केला, पुन्हा ओठ हलले, आणि वर सनईच वाजत राहिली.

मी दुसरा आवाज शोधला. फाइलमध्ये नव्हता. मोठी मूळ फाइल जागा कमी म्हणून काढून टाकलेली होती, आणि कॅसेटचे भंगारवाल्याकडे कधीच तुकडे झाले होते. मी दादांकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "क्यासिटीतच न्हवता की. म्या बगितलं नीट. एकच आवाज हुता. तूच तवा सनई वर चडवली असशील, नवी हुतीस तू."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आता आश्चर्य वाटतं, पण ठेवला. कारण ते शक्य होतं. मी तेव्हा नवी होते, लग्नाच्या गडबडीत होते, एखादी चुकीची कळ दाबली गेली असेल. मला आठवत होतं की मी तो आवाज ठेवला होता, पण बावीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर माणूस किती भांडणार? आणि चोवीस वर्षांत दादा माझ्याशी खोटं बोलल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचीच माफी मागितली, उगाच संशयानं बघितलं म्हणून.

त्या रविवारी मी जेऊरला गेले आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, आई, माझ्या हातून पुसलं गेलं.  तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे. व्हतं कवा कवा." मला वाटलं, केवढं मन आहे हिचं.

त्यानंतरचे आठ महिने माझं कामातलं लक्ष उडालं. ज्या दुसऱ्या पानाचा मला एवढा माज होता ते उघडायलाच नको वाटायचं. मी सगळ्या फाइली 'दादा'वरच करायला लागले. लोकांच्या कॅसेटीत कोणाचा आवाज आहे, कोणाचा नाही, बघायची हिंमत नव्हती. कोणी म्हटलं की ताई, तुमचं काम लई चांगलं, तर मला स्वतःची शिसारी यायची. दादा मात्र त्या दिवसांत फार चांगले वागले. दुपारी चहा स्वतः आणायचे, घरी सोडायला गाडी काढायचे. मला वाटायचं, माझं दुःख यांना कळतंय.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एक फाइल अर्ध्यात अडकत होती, ती का अडकते ते बघायला मी बाण दाबून दुसरं पान उघडलं. त्या पानावर अगदी तळाशी नोंदींची जागा आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल करताना आपण होऊन लिहून ठेवतं: मूळ फाइलमध्ये काय काय होतं, कोणता पर्याय वापरला, काय घेतलं, काय सोडलं. साध्या पानावरून ती दिसत नाही. मला हवी होती ती नोंद वर होती. पण खाली जुन्या नोंदींची रांग होती आणि तिच्यात माझ्या लग्नाच्या फाइलचं नाव होतं. मी ती उघडली. मूळ फाइलमध्ये आवाज दोन. पर्याय, दादा. घेतला पहिला, सोडला दुसरा.

तीन ओळी होत्या. मी त्या कितीदा वाचल्या मला सांगता येणार नाही.

दादा चहा घेऊन वर आले. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांना ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यातलं देवनागरीत आलेलं स्वतःचं नाव ओळखता आलं. ते खुर्चीवर बसले.

"टिकली होती ना?" मी विचारलं.

"हुती."

"मग?"

"तू लई आजारी हुतीस. वाटलं, तुला नेऊन दाखवावं, बरं वाटंल. त्यो बाण दाबला म्या. लई येळ बसलो. त्यातलं आवाजाचं कुटं असतंय त्ये काय गावंना. मग म्हनलं, आपलं बटन हाय की."

"फोन करायचा होता मला."

त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. "केला असता तर वरडली असतीस."

ते खरं होतं, मी ओरडले असते. तरीही माझा राग कमी झाला नाही. मी म्हटलं, "चूक झाली ती झाली, दादा. पण ती माझ्यावर ढकललीत. आठ महिने मी स्वतःला शिव्या घालतेय आणि तुम्ही मला चहा पाजताय." ते मान खाली घालून बसले. म्हणाले, "तू ग्येली असतीस काम सोडून. मला हितलं काय कळतंय?" मी पर्स उचलली आणि खाली उतरले. बाहेर गड्ड्याकडे जाणारी गर्दी होती, मुलांच्या हातात पिपाण्या होत्या, आणि मला कोणाला तरी फटकवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी जेऊरला गेले. आईला खरं सांगायचं होतं. तिचा नवरा मी पुसला नव्हता, हे तिला कळायला हवं होतं, आणि मला ते कधी एकदा सांगते असं झालं होतं. ती ओट्यावर उन्हात बसून शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले, सगळं सांगितलं, नोंद, टिकली, दादा, सगळं.

आई दचकली नाही. तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "व्हय."

"व्हय म्हणजे?"

"आला हुता त्यो हितं. तवा तू पाया पडाय आलीस, त्याच्या आदी दोन दिस. हितंच बसला हुता. लई रडला."

मला आधी कळेचना ती काय सांगते आहे. मी म्हटलं, कोण आला होता?

"तुजा दादा. म्हनला, माज्या हातनं घालवलं, आन् पोरीला वेगळंच सांगून बसलो. तिला कळलं तर ती माजं तोंड बगनार न्हाय. म्या म्हनलं, मग नगं सांगू." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "जावयाची मिल बंद पडलेली. घर तुज्यावर. तू रागाची. काम सोडून घरी बसली असतीस. गेलेला आवाज काय माघारी येनार हुता?"

"मी तुझ्या पायावर डोकं ठेवलं होतं, आई."

"तवा सांगनार हुते," ती म्हणाली. "तू पायच सोडीना."

मी उठले, अंगणात गेले, परत आले.  तिनं जे केलं तेच मी दादांसाठी केलं होतं की. याला झेपणार नाही, म्हणून आत काय आहे ते दाखवायचं नाही, त्याच्या वतीनं आपण ठरवायचं आणि त्याला एक सोपं बटण द्यायचं. मला त्यांनी दिलेलं बटण होतं, 'चूक माझी'. मी ते आठ महिने दाबत बसले होते. हे मला त्या अंगणात कळलं आणि कळून काहीच बरं वाटलं नाही. उलट जास्तच फसवल्यासारखं वाटलं, कारण दोघांपैकी एकानंही ते वाईट मनानं केलं नव्हतं आणि मला कोणाचा धड द्वेषही करता येत नव्हता.

शेवटी मी आईला विचारलं, "ते थांबले आणि मग ओळ परत म्हटली, ती ओळ काय होती?"

आईनं हात थांबवले.  "तुजं नाव हुतं तिच्यात," ती म्हणाली. "फुडचं न्हाय येत." मलाही येत नव्हतं. मिक्सिंग करताना ती ओळ मी कितीदा तरी ऐकली असेन, पण आवाज कॅसेटीत आहे म्हणून ती लक्षात ठेवायचं कधी मनात आलं नाही.

आठ महिने मी रडत होते ते माझ्या चुकीसाठी. त्या अपराधीपणात वडिलांना जागाच नव्हती. ते गेले आणि त्यांचा आवाजही गेला, हे दुःख मला त्या ओट्यावर पहिल्यांदा झालं. आणि ज्यांच्याजवळ बसून ते रडावं अशी माणसं मला दोनच होती, एक दादा आणि एक आई.